लांबच्या प्रवासाच्या गाडीला दुसरा सायलेन्सर बसवताना

दिवाळीच्या सुमारास नागपुरातल्या मोटारसायकलवाल्यांना रस्ते खुणावू लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा दुपारी गाडी काढणे म्हणजे शिक्षाच, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नाले कधी रस्त्यावर येतील त्याचा भरवसा नसतो. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. त्याच्या आधी गॅरेजांत तयारी सुरू होते. सॅडलबॅगचे स्टे, क्रॅशगार्ड, जास्तीचे दिवे, मोबाइलचा होल्डर आणि बहुतेकदा एक नवा सायलेन्सर. बाकीच्या वस्तू चुकल्या तर काढून ठेवता येतात. सायलेन्सरचा संबंध मात्र इंजिनाशी, कायद्याशी, शेजाऱ्यांशी आणि जंगलाशी येतो. म्हणून त्याचा विचार वेगळा आणि जरा सावकाश करायला हवा.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. लांबच्या प्रवासाच्या गाडीला सायलेन्सर आवाजासाठी निवडू नये. सकाळी पाचला घर सोडल्यावर अकराच्या सुमारासही ज्याची आपल्याला आठवण होत नाही तो सायलेन्सर चांगला. ज्याच्या आवाजावर दुकानात पहिल्या दोन मिनिटांतच जीव जडतो, तो सहाव्या तासाला डोके उठवतो. पुढे जे लिहिले आहे ते या एका कसोटीवर वाचावे.

आपल्या शहरातून निघणारे रस्ते आधी डोळ्यांसमोर आणा. समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहे, त्यामुळे त्याचा विचारच नको. उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ नागपुरात एकमेकांना छेदतात, आणि मोटारसायकलवाल्याचे बहुतेक बेत या दोहोंवर किंवा त्यांना फुटलेल्या फाट्यांवर ठरतात. मनसर-खवासावरून पेंच आणि पुढे कान्हा, अमरावती-परतवाड्यावरून चिखलदरा, सावनेर-छिंदवाड्यावरून पचमढी, उमरेडकडून ताडोबा. यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता कुठे ना कुठे जंगलातून किंवा त्याच्या कडेने जातो. सामान लादलेली गाडी, मागे बसलेला माणूस, सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकच वेग आणि शेवटी घाट, असे या प्रवासांचे स्वरूप असते. सायलेन्सर या कामाला लागतो. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी मारायच्या फेऱ्यांसाठी नाही.

मग बदलायचा तरी कशाला? चांगली कारणे मोजकीच आहेत. मूळ सायलेन्सर पडझडीत चेपला किंवा आतून गंजला आणि कंपनीचा सुटा भाग मिळत नाही किंवा फार महाग पडतो. मूळ सायलेन्सर इतका बाहेर आलेला आहे की त्या बाजूची बॅग बसतच नाही. गाडी खूप जड आहे आणि मागचे वजन तीन-चार किलोंनी कमी झाले तर उंचीने लहान चालकाला ती उभी-आडवी करायला सोपी जाते. कच्च्या रस्त्यावर खाली लोंबणारा सायलेन्सर दगडांना लागतो. यातले एखादे कारण तुमचे असेल तर जरूर पुढे वाचा.

ताकद वाढवण्यासाठी बदलत असाल तर थांबा. रॉयल एनफिल्डच्या ३४९ सीसी इंजिनाची ताकद साधारण २० अश्वशक्ती आहे. त्याला नुसता मागचा डबा बदलल्याने जे काही मिळते ते एखाद्या अश्वशक्तीच्या आतबाहेर असते, तेही इंजिन वरच्या फेऱ्यांवर असताना. आवाज वाढला की गाडी जोरात पळते आहे असे वाटते, हा कानाचा खेळ आहे. स्पीडोमीटर तसे सांगत नाही.

उलट प्रवासाच्या गाडीचे नुकसान होण्याची शक्यता जास्त. गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘बॅक प्रेशर गेलं की पिकअप जातो.’ अनुभव खरा आहे, कारण जरा वेगळे आहे. दाब अडवून धरल्याने इंजिनाला काही फायदा होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की गरम वायूंचा लोंढा आणि त्याच्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळीचा व्यास जिथे बदलतो तिथून ती लाट उलटून परत येते. ती योग्य क्षणी परतली तर सिलिंडर रिकामा व्हायला मदत होते आणि नवे मिश्रण नीट भरते. नळीची लांबी आणि जाडी अशी ठरवलेली असते की हा मेळ ठराविक फेऱ्यांवर जुळावा. नळी फार मोठी केली की वायूंचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांवरचा मेळ बिघडतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दोन माणसे आणि तीन बॅगा घेऊन चढायचा असेल तर लागतो तो हाच खालच्या-मधल्या फेऱ्यांवरचा जोर. तोच घालवून बसलात तर प्रत्येक वळणावर गिअर उतरवत राहावे लागते.

आता प्रकार पाहू. ‘स्लिप-ऑन’ म्हणजे इंजिनाला जोडलेला बेंड पाइप तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलायचा. ‘फुल सिस्टीम’ म्हणजे बेंड पाइपासकट सगळे नवे. प्रवासाच्या गाडीसाठी फुल सिस्टीमचा विचार मनातून काढून टाका. ती रेस ट्रॅकची गोष्ट आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि त्याच्या आधी बेंड पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. फुल सिस्टीममध्ये कन्व्हर्टर बहुधा गायबच होतो. म्हणजे गाडी धुराच्या मानकांतून सरळ बाहेर.

स्लिप-ऑन घेतानाही पहिला प्रश्न हाच विचारायचा: माझ्या गाडीचा कन्व्हर्टर नेमका कुठे आहे? काही गाड्यांत तो बेंड पाइपात किंवा इंजिनाखालच्या पेटीत असतो, तेव्हा मागचा डबा बदलला तरी तो जागेवर राहतो. काही गाड्यांत तो मागच्या डब्यातच बसवलेला असतो आणि डबा काढला की कन्व्हर्टरही निघतो. सुट्या भागांच्या कॅटलॉगमधले चित्र पाहून हे कळते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तर सांगतात. दुकानदाराच्या ‘काही फरक पडत नाही भाऊ’ यावर विसंबू नका. कन्व्हर्टर डब्यात असेल तर सरळ सांगतो, कंपनीचाच डबा ठेवा. हा लेख तिथेच संपला असे समजा.

आतली रचना दोन तऱ्हांची असते. कंपनीच्या डब्यात बहुतेक वेळा पडदे घालून केलेले कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. बाजारातल्या डब्यांत बहुधा एक सरळ जाळीदार नळी आणि तिच्याभोवती दाबून भरलेले ग्लासवूल असते. वायू सरळ निघून जातो, आवाज ग्लासवूल शोषते. हे ग्लासवूल जळते, झडते, आणि जसे झडत जाते तसा डबा मोठ्याने बोलू लागतो. घेतानाच पाहा की मागची टोपी रिव्हेटने ठोकलेली आहे की बोल्टने. बोल्टची असेल तर काही हजार किलोमीटरनंतर ग्लासवूल नव्याने भरता येते. रिव्हेटची असेल तर रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात आणि शहरात हे काम नीट करणारे हात शोधावे लागतात. वेल्डिंगने बंद केलेला डबा घेऊच नका.

टोकाशी बसणारा जो छोटा तुकडा असतो, ज्याला दुकानात ‘डीबी किलर’ म्हणतात, तो डब्याचाच भाग समजा. बरेच जण घरी गेल्याबरोबर एक बोल्ट काढून तो खिशात टाकतात. तो काढल्यावर आवाज किती वाढतो हे वेगळे सांगायला नको, पण खालचा जोरही कमी होतो, हे मात्र सांगायला हवे. डीबी किलर वेगळा विकत घ्यावा लागत असेल तर त्या वस्तूचा हेतू काय आहे ते समजून घ्या.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट दुकानात कधीच तपासली जात नाही. उभ्या गाडीवर रेस करून ऐकलेला आवाज निरुपयोगी असतो. तुमची गाडी टॉप गिअरमध्ये ताशी ८० ते ९० वर ज्या फेऱ्यांवर चालते, नेमक्या त्या फेऱ्यांवर काही डबे घुमू लागतात. तो एकसुरी घुमारा डोक्यात शिरतो आणि निघत नाही. एकसिलिंडर गाड्यांत हे जास्त जाणवते. तुमच्याच मॉडेलला तोच डबा लावलेली एखाद्याची गाडी मिळवा, वर्धा रोडने बुटीबोरीच्या पुढे घेऊन जा, एकाच वेगाने निदान अर्धा तास चालवा आणि मागे कुणाला तरी बसवा. मागच्या माणसाचे मत चालकाच्या मतापेक्षा मोलाचे, कारण तो डब्याच्या जवळ असतो आणि त्याला नव्या वस्तूची हौस नसते.

कानाचा हिशेब कोरडा आहे, तरी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी ८५ डेसिबल आठ तास ही सुरक्षित मर्यादा सर्वसाधारणपणे मानतात, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की तो वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचा आवाजच या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. त्यात सायलेन्सरची भर घालून पचमढीपर्यंत जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, हे कानांवर सरळ अन्याय करणे आहे. सायलेन्सर कोणताही असो, लांबच्या प्रवासात फोमचे इअरप्लग घाला. रहदारीचे हॉर्न त्यातूनही ऐकू येतात.

कायद्याबद्दल गोलमाल बोलण्यात अर्थ नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. गाडी बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीत दुचाकींच्या आवाजाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८०. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० (२) आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांत न बसणारी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याला लागू होते. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ (४) मालकाने केलेल्या बेकायदा फेरबदलासाठी आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत असा निर्णय दिला आहे.

नागपूर असो वा महाराष्ट्रातले दुसरे कुठलेही शहर, वाहतूक पोलिसांची नजर पडते ती प्रामुख्याने ज्यांना बाजारात ‘पंजाब’ किंवा ‘इंदोरी’ म्हणतात त्या डब्यांवर आणि फटाके फोडणाऱ्या बुलेटवर. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. पण ‘माझा डबा त्यांच्यासारखा नाही’ हा युक्तिवाद चौकात उभे राहून करता येत नाही. मोजणारे यंत्र तुमच्या बाजूने बोलले पाहिजे.

दुकानदार ‘एआरएआय अप्रूव्हड’ म्हणाला तर कागद मागा. पुण्याची ती संस्था खरोखर अशा चाचण्या करते, म्हणून त्या नावाचा उपयोग विक्रीसाठी होतो. कागदावर तुमच्या गाडीचे मॉडेल, बीएस-६ चा उल्लेख आणि आवाजाचा आकडा असायला हवा. नुसता डब्यावरचा स्टिकर म्हणजे कागद नव्हे. अॅक्रापोविच, ॲरो अशा युरोपी कंपन्यांच्या काही डब्यांवर वर्तुळात ‘ई’ असे चिन्ह कोरलेले असते. त्याचा अर्थ तो डबा युरोपातल्या मानकांना आणि ठराविक मॉडेलला उतरला आहे. ही चांगल्या घडणीची खूण जरूर आहे, पण तेवढ्याने आपल्याकडे परवानगी मिळाली असे होत नाही. शिवाय युरोपातले मॉडेल आणि इथे विकले जाणारे त्याच नावाचे मॉडेल यांच्या बेंड पाइपात फरक असू शकतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेला फेरबदल अपघाताच्या दाव्यात अडचण ठरू शकतो. इंजिनाच्या वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरचे म्हणणे आधीच लेखी घ्या. आणि वरच्या कागदांपैकी काहीच मिळत नसेल तर डबा घेऊ नका. बाकी सगळा मजकूर, बसवण्याची रीतसुद्धा, कंपनीचा नवा डबा घेतला तरी तितकाच उपयोगी पडेल.

धातूची निवड त्यामानाने सोपी आहे. स्टेनलेस स्टील, ३०४ प्रतीचे, प्रवासासाठी पुरेसे आहे. टायटॅनियम हलके असते पण महाग, आणि गडचिरोलीकडच्या गिट्टीवर गाडी आडवी झाली तर चेपलेला टायटॅनियमचा डबा गल्लीतल्या वेल्डरकडून दुरुस्त होत नाही. स्टील कुठेही जोडून मिळते. कार्बन फायबर दिसायला सुरेख, पण बॅग घासून घासून त्याची रया जाते. क्रोम केलेले साधे लोखंड आतून गंजते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर आत साचणारे पाणी पुरते उडत नाही आणि डबा तळापासून सडतो.

सामानाकडे मात्र बारकाईने पाहा. नव्या डब्याचे तोंड कुठल्या कोनात आहे? मूळ डब्यापेक्षा ते वर किंवा बाहेर वळलेले असेल तर गरम वायू थेट बॅगेवर येतो. रिकामी गाडी उभी करून ठरवू नका. बॅगा भरा, मागे माणूस बसवा, स्प्रिंग दबू द्या, मग डबा आणि बॅग यांच्यातले अंतर पाहा. दोन बोटे मावत नसतील तर धातूची हीट शील्ड लावा किंवा स्टे बाहेर घ्या. कापडी सॅडलबॅगचा तळ वितळून आतले जॅकेट जळाल्याच्या कहाण्या प्रत्येक रायडिंग ग्रुपमध्ये आहेत. मागच्या माणसाची टाच कुठे टेकते हेही तेव्हाच पाहून घ्या. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: काही गाड्यांत सेंटर स्टँड वर गेल्यावर ज्या रबरी ठोकळ्यावर टेकतो, तो ठोकळा मूळ सायलेन्सरवरच असतो. नव्या डब्याला तो नसेल तर स्टँड चेनला किंवा टायरला घासतो. प्रवासाच्या गाडीचा सेंटर स्टँड काढून टाकणे हा उपाय नव्हे. रानात पंक्चर झाल्यावर तोच कामाला येतो.

आता बसवण्याचे काम. स्लिप-ऑन घरी बसवता येतो, थोडा संयम असेल तर.

इंजिन पूर्ण थंड हवे. आदल्या रात्री जोडावर आणि बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. नव्या डब्याच्या पेटीतले सगळे भाग आधी जमिनीवर मांडा: क्लॅम्प, गॅस्केट, ब्रॅकेट, रबरी बुश, स्प्रिंगा. काही कमी असेल तर जुने खोलूच नका. जुना डबा काढताना तो हिसके देऊन ओढू नका, डावी-उजवीकडे फिरवत मागे घ्या. नाही तर बेंड पाइप हलतो आणि सिलिंडर हेडजवळचा जोड सैल होतो. तो जोड कधी खोलावाच लागला तर तिथले तांब्याचे किंवा ग्राफाइटचे गॅस्केट नवेच टाका. ते एकदा दबले की त्याचे काम झाले. दोन नट असतील तर एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळा. एकच बाजू घट्ट केली तर गॅस्केट तिरके बसते आणि गळते, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्टड तुटला तर स्वस्तातले काम एकदम महाग होते.

ऑक्सिजन सेन्सरला शक्यतो हात लावू नका. लावावाच लागला तर आधी त्याचा सॉकेट सोडवा, मग सेन्सर फिरवा. वायरसकट फिरवला तर वायर पिळून तुटते. जोडांवर सगळीकडे सिलिकॉन सीलंट थापण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. साध्या सिलिकॉनच्या वाफेने हा सेन्सर खराब होतो, त्यामुळे त्याच्या आधीच्या जोडावर ते अजिबात नको. मागच्या जोडाला लावायचेच असेल तर एक्झॉस्टसाठीचे, सेन्सरला चालणारे, तेही पातळ थरात.

नवा डबा जोडात सरकवा आणि सगळे बोल्ट आधी फक्त हाताने धरवा. डबा दोरीने किंवा कुणाच्या हाताने आधारलेला ठेवा, त्याचे वजन जोडावर पडू देऊ नका. तो स्वतःहून जागेवर बसला पाहिजे. ब्रॅकेटचे भोक आणि फ्रेमचे भोक जुळवण्यासाठी ताण द्यावा लागत असेल तर काहीतरी चुकले आहे, आणि त्या ताणाने पुढे कधीतरी ब्रॅकेट तडकतो. सगळे सरळ बसले की इंजिनाकडून मागे अशा क्रमाने आवळत जा. आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. टॉर्क रेंच नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा गॅरेजमध्ये हे शेवटचे पाच मिनिटांचे काम करून घ्या. चालू करण्याआधी थिनरने स्टीलवरचे बोटांचे ठसे पुसा. एकदा तापले की ते ठसे कायमचे उमटतात.

चालू केल्यावर जोडापासून हात लांब ठेवून ऐका. फटीतून फुसफुस ऐकू येते का? मागच्या तोंडाशी जाड ओले फडके क्षणभर धरले की गळती असल्यास ती स्पष्ट ऐकू येते. थ्रॉटल सोडल्यावर पटपट फटाके फुटू लागले तर अनेकांना आनंद होतो. बहुतेक वेळा ती जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असल्याची खूण असते, आणि तीच हवा ऑक्सिजन सेन्सरला फसवू शकते.

मॅपिंगचे काय, हा प्रश्न येतोच. कन्व्हर्टर आणि डीबी किलर जागेवर ठेवून बसवलेल्या स्लिप-ऑनला बहुधा कशाचीच गरज पडत नाही. स्थिर वेगाला ऑक्सिजन सेन्सरचे वाचन घेऊन ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारे यंत्र, पेट्रोल आपोआप जुळवून घेते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मात्र ते ठरलेल्या तक्त्यावर चालते, सेन्सरला विचारत नाही. त्यात पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण आणखी पातळ पडते, आणि पातळ मिश्रणावर चालणारे इंजिन विदर्भाच्या उन्हात जास्त तापते. म्हणून मोकळा डबा अधिक ई-२० अधिक उन्हाळा हा मेळ जुन्या गाडीसाठी वाईट आहे. डबा बदलल्यावर गाडी आचके देत असेल, घाटात पूर्वीपेक्षा तापत असेल किंवा इंजिनाचा दिवा लागला असेल तर त्यावर वेगळे यंत्र लावून झाकण्याआधी जुना डबा परत बसवून पाहा. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट बदामी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर जेट बदलणे आले.

बसवल्यानंतर लगेच मोठ्या प्रवासाला निघू नका. रामटेकला जाऊन या. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास होतात, महामार्ग आहे, थोडा चढ आहे. परतल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासा. तापून-निवून धातू बसतो आणि पहिल्या फेरीनंतर बोल्ट थोडे सैल झालेले सापडतातच. बॅगेच्या आतल्या बाजूवर हात फिरवून पाहा. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर तिथून गळते आहे.

आणखी एक गोष्ट अभियांत्रिकीची नाही, पण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. आपण पहाटे निघतो. कायद्याने रात्र दहा ते सहा अशी मोजली जाते आणि रहिवासी भागाची तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. थंडीत गाडी चालू केल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटे इंजिन वरच्या फेऱ्यांवर फिरते. गल्लीत ती उभी करून ‘गरम’ करायची गरज नाही. चालू करा आणि हळू निघा. चालता चालता ती लवकर तापते. मेडिकल आणि मेयो रुग्णालयांच्या आसपास शांतता क्षेत्र आहे, तिथे थ्रॉटल आवरा. नीरीसारखी पर्यावरणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून ज्या शहरात आहे, त्या शहरातल्या लोकांना आवाजही प्रदूषणच असतो हे वेगळे सांगावे लागू नये.

मनसरच्या पुढे महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचललेला आहे, त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे. त्या पुलांखालून वाघ, रानकुत्रे, चितळ जातात, कॅमेऱ्यांत त्यांची नोंद झाली आहे. पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीत याच रस्त्याला आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंती बांधल्या आहेत. प्राण्यांना गाड्यांचा आवाज पोहोचू नये म्हणून एवढा खर्च केलेला रस्ता आपल्या दाराशी आहे. त्यावरून जाताना एका गिअरने वर राहा, फेऱ्या खाली ठेवा, गटाने असाल तर पुलांवर थांबून रेस करू नका.

शेवटची सूचना व्यवहाराची. काढलेला मूळ सायलेन्सर मिस्त्रीकडे सोडू नका आणि भंगारातही देऊ नका. तो आतून कोरडा करून, तोंडे कापडाने बंद करून, बोल्ट आणि क्लॅम्प एका पिशवीत त्यालाच बांधून माळ्यावर ठेवा. नवा डबा आवाजात, धुरात किंवा उष्णतेत कमी पडतो आहे असे दिसले की त्याच आठवड्यात मूळ डबा परत चढवा.